मेक्सिकोचं कणीस आणि ताटाची डावी बाजू

बायको माहेरी जायला निघेल त्या दिवशी तिला स्वतःच्या हातानं काहीतरी करून वाढायचं, असं मी ठरवलं तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. (वय एवढ्यासाठीच सांगितलं, की वाचकांनी थोडी सूट द्यावी.) साल अडतीस. आम्ही काशीतले, मंगला गौरीच्या गल्लीतले मराठी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर बनारसी आणि मी ज्या ग्रंथालयात कारकून होतो तिथे इंग्रजी, अशा तीन भाषा मला येत. त्यांतल्या एकाही भाषेत मला बायकोशी बोलता येत नसे.

बोलणार तरी कधी? घर सहा खोल्यांचं. एका खोलीत अण्णा, म्हणजे माझे वडील शिवरामशास्त्री, विद्यार्थ्यांना पाठ देत. दुसरीत त्यांच्या पोथ्या. तिसरीत देव. आणि उरलेल्या घरात आई एकाच वेळी सगळीकडे असे. शरदिनी साताऱ्याची. लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि काशीला आल्यापासून पंधरा महिन्यांत तिनं माहेरचं माणूस पाहिलं नव्हतं. आता तिचे थोरले भाऊ दत्तात्रेय तिला गौरी-गणपतीसाठी न्यायला आले होते. सासऱ्यांचं पत्रही सोबत होतं : ‘चि. शरदिनीस दिवाळी करूनच पाठवू.’

मी बोटांवर महिने मोजले. मग जिन्यात तिला गाठून, आवाज चोरून विचारलं, “परत कधी येशील?”

ती म्हणाली, “पाहू.”

एवढंच. त्या एका ‘पाहू’नं माझी तहानभूक गेली. मला ती फार आवडत असे. तिला मी आवडतो की नाही, हे कळायला काही मार्ग नव्हता.

अशा मनःस्थितीत मी ग्रंथालयात बसलो असताना मिस व्हिटली नावाच्या अमेरिकन बाई खिडकीशी उभ्या राहून बाहेरच्या भुट्टेवालीकडे एकटक पाहत होत्या. बाई पोथ्यांचा अभ्यास करायला आलेल्या. त्यांचं गाव मेक्सिकोच्या हद्दीला लागून. म्हणाल्या, आमच्याकडे रस्त्यात असंच कणीस भाजतात, मग त्याला आंबट साय फासतात, वर चीज भुरभुरतात, तिखट आणि लिंबू. “त्या कणसासाठी मी जगात कुठूनही घरी परत जाईन!”

यातला ‘परत’ हा शब्द मी तेवढा पकडला. बाईंनी कौतुकानं सगळी कृती एका कार्डावर लिहून दिली. शेवटची ओळ होती : साइड डिश म्हणून वाढावे.

साहित्यातली पहिली अडचण चीज. मी ठठेरी बाजारात आमच्या ओळखीच्या रामधनी अहिराकडे, म्हणजे गवळ्याकडे, गेलो.

“रामधनी, चीज है?”

“कउन चीज, बाबू?”

“चीज.”

“अरे चीज त बहुत हौ. कउन चीज चाही?”

“चीज ही चाहिए!”

रामधनीनं माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं. बाजूला लस्सी पीत बसलेले एक सारंगिये उस्ताद म्हणाले, “पंडितजी गाने की चीज पूछ रहे हैं. कजरी चलेगी?” आणि लस्सीचं कुल्हड खाली ठेवून त्यांनी गायला सुरुवातही केली. सावनाचे दिवस, आवाज गोड. दहा-बारा माणसं जमली. मी अर्धा तास उभा राहून कजरी ऐकली आणि पाव शेर छेना, म्हणजे फाडलेल्या दुधाचा चोथा, घेऊन घरी आलो. (छेना म्हणजेच चीज, असं मी माझ्या अधिकारात ठरवून टाकलं.)

दुसरी अडचण आई. आईचा जन्म काशीतला, त्यामुळे तिची मराठी गंगेच्या पाण्यात चांगली भिजलेली.

“नीळू, हा भुट्टा कशाला उचलून आणलास? सून माहेरी निघाली, जरा ढंगाचं काही कर म्हटलं तर!”

“आई, ही मेक्सिकोची कृती आहे.”

“ते कोणत्या घाटावर आलं?”

तरीही तिनं मला सोवळं नेसवून स्वयंपाकघरात घेतलं. जन्मात पहिल्यांदा. शेगडीवर कणसं तडतडायला लागली, त्यांचा गोड वास माजघरात पसरला, बाहेर गंगा पायऱ्यांवर चढत चालली होती आणि पलीकडच्या खोलीत शरदिनी ट्रंक भरताना काहीतरी गुणगुणत होती. (माहेरी जायच्या आनंदात. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.) आज इतक्या वर्षांनी कुठेही कणीस भाजलं, की मला ती सकाळ आठवते. आई, अण्णा, ते घर, आता काहीच उरलं नाही.

कणसांना मी साय फासली, छेना लावला. कार्डावर ‘एक मोठा चमचा तिखट’ लिहिलं होतं, तेवढं घातलं. (त्यांच्याकडच्या तिखटात जिरं न् काय काय मिसळलेलं असतं आणि ते लहान पोरंही खातात, हे बाईंनी मला पुढच्या आठवड्यात सांगितलं.) चव बघायची सोय नव्हती. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय आई कुणाला चव घेऊ देत नसे.

आणि मग आईनं तो प्रश्न विचारला. “ताटात हे डावीकडे वाढायचं की उजवीकडे?”

मी कार्ड काढून पाहिलं. साइड डिश, एवढंच. बाजूचा पदार्थ. पण कोणत्या बाजूचा, हे मेक्सिकोच्या लोकांनी लिहिलंच नव्हतं! उजवीकडे भाजी आणि आमटी ठरलेली. डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं. मी कार्ड उलटंही करून पाहिलं. शेवटी ठासून सांगितलं, “डावीकडे.” (ठासून सांगायची सवय मला कारकुनीनं लावली.)

“मग आधी सांगायचंस!” आई म्हणाली. “डावीकडचं म्हणजे चटपटं पाहिजे. यात मिर्च कुठे आहे?” आणि तिनं मूठभर लाल तिखट त्या कणसांवर सढळ हातानं पेरलं.

नैवेद्य झाला. अण्णा आणि दत्तात्रेय पाटावर बसले, मी वाढायला उभा राहिलो. अण्णांचा चातुर्मासात मौनभोजनाचा नेम होता. आचमन करून बसले की हात धुऊन उठेपर्यंत शब्द नाही. त्यांनी कणसाचा पहिला घास घेतला आणि ते थांबले. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आवडलं. मी आणखी एक कणीस वाढलं. पानात टाकायचं नाही हाही त्यांचा नेम होता. अण्णांनी तेही संपवलं, चार तांबे पाणी प्यायले आणि हात धुऊन, एक अक्षर न बोलता सरळ पंचगंगा घाटाच्या दिशेनं चालते झाले.

दत्तात्रेयांनी मात्र कणसाला हातही लावला नाही. “नीलकंठराव, वाईट वाटून घेऊ नका. चातुर्मासात मी डावी बाजू सोडली आहे. चटणी, कोशिंबीर, काही नाही. चार महिने फक्त उजवीकडचं.”

म्हणजे ज्याला कळलं त्याला बोलता येईना, आणि ज्याला बोलता येत होतं त्यानं खाल्लं नाही. यानंतर आई आणि शरदिनी जेवायला बसल्या, आणि मी एक्का ठरवायला मैदागिनच्या चौकात गेलो.

कुली घेऊन परत येतो तो दारातच दत्तात्रेय डोळे पुसत उभे! त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

“नीलकंठराव, मुलगी माहेर सोडताना रडते. सासर सोडताना रडणारी मी जन्मात पाहिली नव्हती!”

“कोण रडलं?”

“शरदिनी! नमस्कार करायला आली ती डोळ्यांतून घळाघळा पाणी. मागे काकूंच्याही डोळ्यांना धार. दोघींना शब्द फुटेना. मी विचारलं, काय झालं गं? तर नुसतं पा... पा... करते. पाय निघत नाही म्हणते!”

(ती पाणी मागत होती.)

“मी तिथल्या तिथे सांगितलं, तुझा पाय निघत नाही ना, मग राहा. घरी मी समजावतो. इतकं सुखाचं सासर कोणाला मिळतं!”

वाचकहो, खोटं कशाला सांगू? मला गुदगुल्या झाल्या. मेक्सिकोचं कणीस लागू पडलं होतं! दिवाळी नाही न् काही नाही, शरदिनी इथेच. मी कुलीला म्हटलं, दादांची वळकटी तेवढी उचल. आणि आनंदानं आत गेलो.

शरदिनी भरलेल्या ट्रंकेला टेकून जमिनीवर बसली होती. तिखट केव्हाच उतरलं होतं आणि ती अजून रडत होती.

“अगं, दादांना सांगायचंस ना, तिखट लागलं म्हणून.”

“तोंड उघडता येत होतं का? आणि आता काय सांगू? सासूबाईंच्या देखत म्हणू, मी तुमच्यासाठी रडले नाही, मला जायचंच आहे?” तिनं पदरानं नाक पुसलं. “आई रोज दारात येऊन उभी राहत असेल.”

पंधरा महिन्यांत ती माझ्याशी इतकी वाक्यं सलग बोलली नव्हती, आणि ती अशी. माझी मलाच लाज वाटली. मी धावत बाहेर गेलो.

“दादा, ती तिखटानं रडत होती. कणसं मी केली होती. फार तिखट झाली.”

दत्तात्रेयांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “तुमचं मन मोठं आहे. तिची आई खंतावेल म्हणून तुम्ही हे सांगताय.”

“शपथ घेतो! हे बघा.” मी आतून उरलेल्या दोनांतलं एक कणीस आणलं आणि त्यांच्यासमोर कचकन चावा घेतला.

त्या कणसाची चव मला पहिल्यांदाच कळली. जीभ पेटली, कान पेटले, नाका-डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. “दा... दा...” मी एवढंच म्हणू शकलो.

“तुम्हीसुद्धा!” दत्तात्रेय पुन्हा डोळे पुसायला लागले. “एकमेकांवर एवढी माया! नाही नाही, ही ताटातूट माझ्या हातून होणार नाही. कुली, चलो!”

तेव्हा आई बाहेर आली. तोंडातली साखर तिनं आत्ता कुठे गिळली होती. सून आपल्यासाठी रडली हे गल्लीभर झालेलं तिलाही, खरं सांगायचं तर, ऐकायला बरं वाटत होतं. पण तिनं एकदा शरदिनीच्या खोलीकडे पाहिलं आणि म्हणाली, “दत्तात्रेय, तुमचा नेम डाव्या बाजूचाच ना?”

“हो काकू.”

“मग या, बसा.” तिनं पाट मांडला, स्वच्छ ताट ठेवलं आणि शेवटचं कणीस त्यात बरोबर उजवीकडे वाढलं. “आता ही भाजी झाली. खा.”

नेमाचा माणूस. नाही म्हणायला कारण उरलं नव्हतं. दत्तात्रेयांनी घास घेतला.

पाच मिनिटांनी ते साखरेचा डबा मांडीवर घेऊन बसले होते आणि हातानं कुलीला खूण करत होते, की ट्रंकही उचल. शरदिनी आईच्या पाया पडली. या वेळी ती खरोखर रडली, आईसुद्धा, पण आता कोणीच त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. गल्लीच्या तोंडाशी अण्णा घाटावरून परत येताना भेटले. तास उलटून गेला होता, तरी ते हळूहळू एवढंच म्हणाले, “नीळू, ते काय होतं?”

मैदागिनहून एक्का हलला तेव्हा मी कसाबसा तिला पुन्हा विचारलं, “परत कधी येशील?” तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही. घोड्याच्या घुंगरांचा आवाज फार होता.

पुढचे दिवस मी कसे काढले ते सांगत नाही. ग्रंथालयात पुस्तकांच्या चिठ्ठ्या चुकवल्या, मिस व्हिटलींना टाळत राहिलो. आणि अचानक तार आली. नवरात्र बसायच्या आतच शरदिनी परत निघाली होती! दिवाळी नाही, दसराही नाही. जेमतेम महिना झाला होता. आई नुसती हसली. मी पांढरा सदरा घालून दोन तास आधीच स्टेशनवर जाऊन उभा राहिलो.

एक्क्यात आम्ही दोघंच. (सोबत आलेले तिचे काका मागच्या एक्क्यात, सामानाबरोबर.) दोन वर्षांत पहिल्यांदा मी तिचा हात धरला, आणि तिनं तो धरू दिला. मी धीर करून म्हटलं, “इतक्या लवकर आलीस?”

“राहवेना तिथे,” ती खाली मान घालून म्हणाली.

काय सांगू, त्या क्षणी सबंध काशी माझी होती.

“दादानं साताऱ्यात आळीभर सांगून ठेवलं होतं, हिचा नवरा मेक्सिकोची कणसं करतो,” ती पुढे म्हणाली. “रोज सकाळी कोणी ना कोणी टोपलीभर कणसं घेऊन दारात. करून दाखव म्हणून. आईची शेगडी विझायची नाही. डोळे सुजले माझे. शेवटी पळून आले.”

“म्हणजे माझ्यासाठी नाही?”

शरदिनीनं माझ्या पांढऱ्या सदऱ्याकडे एकदा नीट पाहिलं.

“तुमच्यासाठी कशाला?” ती म्हणाली. “तुमच्यामुळे.”