लाल दोरीवालं पिल्लू

"ह्याले पावडर अन् त्याले नाई? काऊन? एकाच मायची लेकरं हायेत ना?" बुधरीनं कमरेवर हात ठेवून नवऱ्याला विचारलं.

"मॅडमनं सांगतलं तसं करून राह्यलो मी," लालसू म्हणाला.

दीपिका मॅडम जनावरांच्या डॉक्टर. भामरागडकडच्या त्या गावात त्यांनी चार घरांना डुकराची दोन-दोन काळी पिल्लं दिली होती. एकाच्या गळ्यात लाल दोरी. त्याला कोंड्याच्या कांजीत रोज चमचाभर लायसिनची पावडर. दुसऱ्याला नुसती कांजी. लायसिननं म्हणे अंगावर मांस चढतं, अन् कोंड्यात ते फार थोडं असतं. दीड महिन्यानं वजन. ज्याचं दोरीवालं पिल्लू सगळ्यात भारी, त्याला मोठा पांढरा नर बक्षीस. गावातल्या साऱ्या डुकरिणी आपल्या दारी येतील, या विचारानंच लालसू ताठ चालायला लागला.

पण ज्या गावात एक मासा गावला तरी घरोघरी वाटून खातात, तिथं हा दुजाभाव बुधरीला कसा पटावा? दुसऱ्याच दिवसापासून तिनं बिनदोरीवाल्याला गुपचूप मूठभर सुके झिंगे कुटून द्यायला सुरुवात केली.

आठ दिवसांनी लालसूनं दोन्ही पिल्लं उचलून पाहिली. बिनदोरीवालं भारी! "मेलो! मॅडम म्हणन, लालसूनं पावडर सोताच खाल्ली." त्यानं इकडंतिकडं पाहिलं अन् दोरी काढून भारी पिल्लाच्या गळ्यात घातली.

बुधरी बिचारी दोरी पाहून चालणारी. "अगे बाई, हे बिनदोरीवालं तं पार आटलं!" म्हणून तिनं झिंगे दुप्पट केले. पुढच्या आठवड्यात ते पुढं गेलं. लालसूनं पुन्हा दोरी बदलली. असं दीड महिना चाललं. एकाला एका आठवड्यात पावडर, दुसऱ्या आठवड्यात झिंगे. डुकरांनी काही तक्रार केली नाही.

वजनाचा दिवस आला. बाकीच्या घरची दोरीवाली नऊ-नऊ किलो, बिनदोरीवाली सात. लालसूचं दोरीवालं तेरा! लालसूनं मिशीला पीळ दिला.

"आता दुसरं आणा," मॅडम म्हणाल्या.

तेही तेरा. मॅडमनी काटा ठोकून पाहिला. पुन्हा तेरा.

"लालसूभाऊ, दोन्ही सारखी? मग माझ्या पावडरनं केलं काय?"

"हवा सुटते ना मॅडम... उडून गेली असन त्याच्याही भांड्यात."

"खोटं काऊन बोलून राह्यला जी?" बुधरीला राहवेना. "मॅडम, बिनदोरीवाल्याले मी झिंगे देत होती."

"कोणत्या बिनदोरीवाल्याले?" लालसू ओरडला. "दोरी तं मी दर आठवड्याले बदलवत होतो!"

मॅडम हसता हसता खालीच बसल्या.

"गेला नर," लालसू पुटपुटला.

"नाई गेला," डोळे पुसत मॅडम म्हणाल्या. "झिंग्यातही लायसिन असतंच. पावसाळ्यात रस्ता बंद झाला की माझी पावडर येणार नाही, झिंगे मात्र घरात असतील. हे मला बुधरीबाईनं शिकवलं. नर तिच्या नावानं."

संध्याकाळी तो भला मोठा पांढरा नर अंगणात उतरला. लालसू खुशीत जेवायला बसला. समोर आंबील अन् मीठ.

"झिंगे कुठी हायेत वो?"

"जराक दम धरा," अंगणातून बुधरी म्हणाली. "पाव्हणा जेवून राह्यला."