हेडमास्तर गुत्त्यात बसल्यात

आमच्या भवानी पेठेतल्या शाळेचा शिपाई सिद्रामप्पा वर्गांना इयत्तांनी कधी ओळखत नसे. शाळा येण्याआधी त्या घरात जे जे नांदून गेले, त्याच नावांनी तो खोल्या ओळखे. तिसरीचा वर्ग म्हणजे 'सरकीची खोली', चौथीचा 'तालीम' आणि हेडमास्तरांचे ऑफिस म्हणजे 'गुत्ता'. मालक बदलले, धंदे बदलले, सिद्रामप्पा दाराशी तसाच. "घर इकलं, मी न्हाय इकलो," असे तो म्हणे.

आता आमचे हेडमास्तर दारूबंदीवर भाषणे देणारे. चहासुद्धा व्यसन म्हणून सोडलेला. त्यांनी दारादारावर पाट्या रंगवून घेतल्या. सिद्रामप्पा त्या पाट्यांवरची धूळ रोज इमानाने झटकी. वाचता येत नसल्यामुळे पाटीचा दुसरा उपयोग त्याला ठाऊक नव्हता.

अशात एकदा डेप्युटीसाहेब तपासणीला आले.

"हेडमास्तर कुठे आहेत?"

"गुत्त्यात बसल्यात की."

"शाळेच्या वेळेत?"

"सकाळधरनं तितंच हायत. मदनं जरा तालमीत जाऊन येत्यात."

साहेबांनी वहीत काहीतरी टिपले. त्याचा खुलासा करणारे तीन पानी पत्र हेडमास्तरांनी धाडले. मी तिथे मास्तर; माझे अक्षर बरे म्हणून साफ प्रत मी केली. 'गुत्ता' हा शब्द त्यात सात वेळा आला होता. महिनाअखेर सिद्रामप्पाला काढायचे, असे त्याच दिवशी ठरले.

त्याच आठवड्यात माढ्याकडची एक म्हातारी शाळेत आली. "हितं पलेगाचा दवाखाना व्हता न्हवं?" तिने विचारले.

"बाई, ही शाळा आहे. इथे दवाखाना कधीच नव्हता," हेडमास्तर म्हणाले.

"व्हता," मागून सिद्रामप्पा म्हणाला.

आम्ही चकित झालो. घराची कुंडली येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवणाऱ्या या माणसाने हे मात्र कधी सांगितले नव्हते.

"माजा मारुती हितंच गेला," म्हातारी म्हणाली. "आट वर्साचा. आमाला आत सोडलं न्हाय."

सिद्रामप्पा तिला घेऊन माझ्या पहिलीच्या वर्गाशी आला. "मास्तर, पोरास्नी जरा अंगनात न्या," एवढेच हळू बोलला. मी मुले बाहेर सोडून दाराशी परतलो. त्याने तिला खिडकीपाशी नेले.

"हितं व्हता त्यो. मी वार्डात कामाला व्हतो तवा. पानी मागितलं त्यानं. मी पाजलं. मग निजला."

"एकलाच न्हवता म्हना की."

"न्हाय. मी व्हतो."

म्हातारीने फरशीला हात लावून तो कपाळी नेला, थोडा वेळ तिथेच बसली आणि निघून गेली. दारात उभे असलेले हेडमास्तर ऑफिसात परतले. सिद्रामप्पाला काढायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

शाळा सुटल्यावर तो खिडक्या लावत होता, तेव्हा मी विचारले, "दवाखान्याचं कधी बोलला नाहीत, सिद्रामप्पा?"

"ल्हान पोरं बसत्यात तितं. भ्या वाटंल त्यास्नी."

"आणि इतक्या वर्षांनी तो मारुती खरंच आठवला तुम्हाला?"

त्याने शेवटच्या खिडकीची कडी लावली.

"तवा समदीच पानी मागायची, मास्तर. आन पाजायला मीच व्हतो."