प्रतिमा उतरवून जाळणेबाबत

ठाकूरद्वारच्या वाचनालयातला एकुलता एक संगणक सोमवारी वारला. मानद चिटणीस शामराव साटम यांनी दुखवटा न पाळता वरच्या कार्यालयाकडे तबकडी मागितली. पूर्वी ती टपालाने यायची. मशीनमध्ये सरकवली की संगणक उठून बसायचा.

यंदा आलं ते परिपत्रक, आणि तेही शुद्ध मराठीत: 'तबकडी पाठवणे बंद. संस्थेने स्थापनेची प्रतिमा उतरवून घ्यावी, तबकडीवर जाळावी व यंत्रात सरकवावी.'

शामरावांनी भिंतीकडे पाहिलं. वाचनालयात प्रतिमा एकच, ती स्थापना करणाऱ्या गजानन बाळकृष्ण साटमांची. अख्खी वाडी त्यांना जी. बी. म्हणायची. शामरावांचे ते वडील, आणि उभ्या जन्मात फोटोला बसले ते तेवढेच एकदा.

"वरून कागद आलाय, करायलाच हवं," असं म्हणून ग्रंथपाल ललिताबाईंनी स्टूल आणलं. तसबीर उतरली. मागची पालही उतरली.

शामरावांनी कार्यालयात फोन लावला. "जाळलीच पाहिजे का हो?"

"त्याशिवाय सुरू कसं होणार?" पलीकडचे साहेब म्हणाले. "केवढी आहे?"

"तीन फूट."

"तसं नाही हो. किती जीबी?"

"एकच जी. बी. आमचे वडील."

"एकच ना? मग प्रत काढा, प्रत जाळा. मूळ जपून ठेवा."

शामरावांचा जीव भांड्यात पडला. कोपऱ्यावर झेरॉक्स काढली, तबकडी आता येणार नव्हती म्हणून आरतीचं तबक घेतलं आणि चौकात रीतसर दहन झालं. निषेध कुणाचा ते न विचारता तळमजल्यावरच्या माधवने दोन घोषणाही दिल्या. तबक काही मशीनमध्ये जाईना, म्हणून राख ओतली. संगणक एकदा खोकला आणि पुन्हा वारला.

संध्याकाळी पुस्तक बदलायला आलेल्या श्रेयाने परिपत्रक वाचलं. "काका, स्थापना म्हणजे इन्स्टॉल करणं, प्रतिमा म्हणजे इमेज. नेटवरून डाउनलोड करायची फाईल असते ती. सीडीवर बर्न करतात."

"मग तसं लिहायला काय धाड भरली होती?"

शामरावांनी घडलं ते कार्यालयाला कळवलं. उत्तर लगेच आलं: 'प्रतिमा जाळल्याची नोंद घेतली. तक्रार निकाली.' वडील परत खिळ्यावर चढले, जरासे तिरके.

हसा, खुशाल हसा. शामरावांनी निदान कागद वाचला तरी. काल मोबाईलवर तुम्ही 'मला सर्व मान्य आहे' दाबलंत, त्यात कुणाकुणाला जाळायचं लिहिलं होतं, सांगता का?