फिक्स आमदार रोहिणीताई

गॅलरीत वाळत घातलेली चादर काढता काढता सुरेखावहिनींनी पलीकडच्या रशिदाला एक बातमी सांगितली आणि कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत निवडणूक लागली.

"आमच्या वन्सं विधानसभेला उभ्या राहणार हायत."

"काय सांगतीस! कुठनं?"

"कुठनं म्हंजे? त्येंच्या भागातनं की!"

बातमी शंभर टक्के खरी होती. वहिनींची नणंद रोहिणी लग्न होऊन अमेरिकेला गेली, त्याला वीसेक वर्षं झाली होती. मिनेसोटा नावाच्या थंडगार राज्यात ती सरकारी शाळेत गणित शिकवत होती. तिथं शाळेचे शिक्षक कमी करायचं ठरलं, तेव्हा भर बैठकीत उठून तिनं साहेबलोकांना असं काही फैलावर घेतलं, की पालकांनीच तिला राज्याच्या विधानसभेला उभं केलं. प्रचाराची धावपळ सुरू व्हायच्या आत चार दिवस माहेरी राहावं, म्हणून ती आली होती.

एवढा तपशील वहिनींनी सांगितला नाही. रशिदाला तो ठाऊकच असणार, असं त्यांनी धरलं. आणि रशिदाच्या लेखी रोहिणीचा भाग एकच होता. दोघी मिळून जिथं सायकल शिकल्या आणि जिथं दोघींचे गुडघे फुटले, तो.

संध्याकाळपर्यंत कोपऱ्यावर बोर्ड लागला. 'फिक्स आमदार मा. रोहिणीताई!' तालमीच्या पोरांना फोटो मिळाला तो व्हॉट्सॲपवरचा. त्यात रोहिणी कानटोपी घालून, गुडघाभर बर्फात, हातात फावडं घेऊन उभी होती. पोरांनी खाली लिहिलं, 'कष्टाळू नेतृत्व'.

रोहिणीचा भाऊ सम्मेद शेतीपंपाचं दुकान बंद करून येताना बोर्डासमोर थांबला. त्याला भरून आलं. सातासमुद्रापारच्या निवडणुकीसाठी आपली गल्ली बोर्ड लावते, म्हणजे काय! तो पेढे घेऊनच घरी आला. रोहिणीही हरखली. "दादा, तिकडं मला अजून निम्मं गाव ओळखत नाही. आणि इथं बघ!"

दुसऱ्या दिवशी सकाळी धैर्यशील आले. धैर्यशील गेली दहा वर्षं आमदारकीची तयारी करत होते. तयारी म्हणजे पांढरे कपडे आणि मोठ्या मोठ्या लोकांच्या वाढदिवसांना हजेरी. बोर्ड बघून त्यांना रात्री जेवण गेलं नव्हतं.

"ताई, ऐकतोय ते खरं हाय?"

"अगदी खरं," रोहिणी म्हणाली. "आता मागं फिरायचं नाही."

"प्रचाराला गाड्या किती ठरवल्या?"

"गाड्या कशाला? मी चालत जाणार. प्रत्येक घराचं दार वाजवायचं आणि बोलायचं."

"आणि जेवणावळी?"

"छे! फार तर कुणी पाणी विचारलं तर प्यायचं."

धैर्यशीलनी खुर्ची जरा पुढं ओढली. गाड्या नाहीत, जेवणं नाहीत, आणि बाई एवढी निवांत. म्हणजे मागं कुणीतरी जबरदस्त असणार. "मग ताई, तुमच्या पाठीशी हाय तरी कोन?"

"माझे विद्यार्थी. आता सगळे मोठे झालेत. मतदार आहेत."

धैर्यशीलनी मनात हिशेब मांडला आणि तो सोडून दिला. शेवटचा बाण काढला. "राग मानू नका, पण तुम्ही बाहेरच्या. लोक इचारणारच की, हे पावणं कुठलं?"

हा प्रश्न रोहिणीला मिनेसोटात रोज कुणी ना कुणी विचारायचंच. तिचं उत्तर तयार होतं, फक्त मराठीत ते पहिल्यांदाच बाहेर आलं. "विचारू देत. ज्यांच्या पोरांना मी बेरीज-वजाबाकी शिकवली, त्यांच्या दारात मी पाहुणी नाही. आधी विचारणाऱ्यांनी शाळा नीट करून दाखवाव्यात. छप्पर, शिक्षक, बसायला बाक. एवढाच माझा मुद्दा."

"एवढाच?"

"एवढाच. पण सोडणार नाही."

चहा अर्धा टाकून धैर्यशील उठले. गल्लीच्या टोकाला एक शाळा होती आणि तिचं छप्पर तीन पावसाळे गळत होतं. दुपारी तिथं पत्र्यांचा टेम्पो येऊन उभा राहिला. मुद्दाच काढून घ्यायचा, असा त्यांचा डाव होता. जुनं छप्पर उतरलं, नव्या पत्र्यांची पहिली ओळ बसली. पेठेत बोलबाला झाला, की रोहिणीताई अजून निवडून आल्या नाहीत तोवर ही तऱ्हा!

मग काय, रशिदानं त्याच शाळेच्या पटांगणात बायकांची सभा ठेवली. रोहिणीला वाटलं, माहेरवाशिणीचा सत्कार असेल. ती साडी नेसून गेली. पटांगण भरलं होतं. कडेला धैर्यशीलही येऊन बसले होते, शत्रूचं बळ जोखायला.

रोहिणी शाळांवर बोलली आणि झकास बोलली. टाळ्या पडल्या. मग मागून एक आजी उठल्या. "बाई, ते समदं झालं. पाण्याचं काय करनार?"

"पाण्याची आमच्या भागात काही अडचण नाही, आजी. हजारो तळी आहेत."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

"अडचण थंडीची आहे," रोहिणी पुढं म्हणाली. "तळी गोठतात. लोक त्यांच्यावर गाडी घालून मासे धरायला जातात."

रशिदा हळूच पुढं आली. "रोहिणे, तुझा भाग म्हंजे... नेमका कुठला गं?"

"कुठला म्हणजे? मिनेसोटा."

"ह्ये कुठल्या तालुक्यात आलं?" आजींनी विचारलं.

सुरेखावहिनींनी पदरात तोंड लपवलं. धैर्यशीलनी मात्र दहा वर्षांत हसले नसतील एवढं हसून घेतलं, डोळे पुसले आणि खिशातून फोन काढला. "ए, थांबवा रं काम. पत्रं भरा टेम्पोत. ही भानगड आपली न्हवंच!"

ते रोहिणीनं ऐकलं. मागं वळून तिनं छप्पर पाहिलं. निम्मं झाकलेलं, निम्म्यातून आभाळ दिसत होतं. आपल्यामुळं उतरवलेलं जुनं छप्परही आता परत बसणार नव्हतं. आणि तिच्या तोंडून वर्गातला आवाज निघाला.

"धैर्यशील! उभे राहा."

धैर्यशील उभे राहिले. का राहिलो, ते त्यांना पुढं कधीच सांगता आलं नाही. हातही आपोआप मागं गेले.

"काम अर्धं सोडायचं असतं?"

"न्हाय, बाई."

"मोठ्यानं."

"न्हाय, बाई!"

"मी इथं निवडणुकीला उभी नाही. पण ह्या सगळ्या मतदार इथल्याच आहेत. कधी पुरं होईल?"

पटांगणभर बायका धैर्यशीलकडं टक लावून बसल्या होत्या. "चार दिसांत, बाई."

चार दिवसांचे सहा झाले, पण छप्पर झालं. रोहिणी ते बघूनच विमानात बसली. तिकडं जाऊन तिनं थंडी पडेपर्यंत दारं वाजवली. कुणी तोंडावर लावून घेतली, कुणी आत बोलावून कॉफी पाजली. कोल्हापुरात भर सभेतून ती निभावून आली होती. आता कुणाच्या दाराचं तिला काही वाटत नव्हतं.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी तिचा फोन आला. ती निवडून आली होती. सम्मेद नुसताच "रोहिणे, रोहिणे" करत राहिला. शेवटी वहिनींनी फोन ओढून घेतला.

"वन्सं, आमदार झालासा! आता म्होरं काय?"

"आता काय, वहिनी? विधानसभा भरायला अजून अवकाश आहे. आज बसून पेपर काढायचाय. परवा चाचणी आहे ना पोरांची..."

पण तोवर 'परवा'च्या पलीकडचं ऐकायला वहिनी जाग्यावर नव्हत्या. त्या गॅलरीत पोचल्या होत्या. "रशिदा! अगं, वन्सं निवडून आल्या, आणि आता पेपर काढनार हायत!"

दुपारी जेवणं व्हायच्या आत धैर्यशील दारात हजर झाले. हातात हार होता आणि काखेत स्वतःचा मोठा फोटो.

"वयनी, बाईंना सांगा," ते म्हणाले, "येत्या बारा तारखेला माझा वाढदिवस हाय. पयल्या पानावर जागा धरून ठेवा म्हणावं."