फणसळकरांची तक्रार, व्हीसीडीवर

सोसायटीच्या सभांची इतिवृत्तं व्हीसीडीवर उतरवली की त्यांतली माणसं पडद्यावर येतात आणि लिहिलेलं सगळं पुन्हा करून दाखवतात. यापुढे कागद चालणार नाही, व्हीसीडीच पाठवा, असं वरच्या कार्यालयाने कळवलं आणि सचिव म्हणून ते लोढणं माझ्या गळ्यात पडलं. व्हीसीडीच का, असं मी विचारलं. तिथल्या साहेबांकडे तेवढाच प्लेअर होता.

उतरवून देणारे तावडे पूर्वी लग्नांचं शूटिंग करायचे. त्यामुळे आमचा कुठलाही ठराव मंजूर झाला की पडद्यावर गुलाबपाकळ्या पडतात आणि सनई वाजते.

"ते आतच बसवलंय. काढता येत नाही," तावडे म्हणाले.

पार्किंगच्या ठरावाला सनई शोभते, माझी काही हरकत नाही.

एका जुन्या सभेत फणसळकरकाका निघाले. काका जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या नावावर मी एकच ओळ लिहिली होती: जिन्यातील गळतीबाबत तक्रार केली. पडद्यावर काका उठले, चष्मा सावरून म्हणाले, "अहो, जिना गळतोय," आणि बसले.

मी काकूंना बोलावलं. त्यांनी तीनदा लावायला सांगितलं.

"स्वेटर मी विणलेला आहे," त्या म्हणाल्या. स्वेटरचं मी काहीच लिहिलं नव्हतं.

मग त्या रोजच येऊ लागल्या. तेवढ्यात नवे अध्यक्ष बेलसरे यांना जिना दुरुस्त करायची हुक्की आली. तक्रार निकालात निघाली की तिची व्हीसीडी पुसायची, असा कार्यालयाचा नियम आहे. मी काकूंना ते सांगितलं. काकू तडक सभेत आल्या.

"गळू दे तो जिना."

"काकू, पाणी तुमच्याच दारात साचतं. घसरून पडाल!" बेलसरे म्हणाले.

"पडेन."

"पण तक्रार काकांचीच ना? त्यांना बरंच वाटेल."

"बरं वाटणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. घरातली एक तक्रार मी मिटू दिली नाही, म्हणून तर जन्मभर बोलत राहिले माझ्याशी."

विषय पुढील सभेत घ्यावा, असं सर्वानुमते ठरलं.

इतिवृत्त लिहिताना उपस्थितांमध्ये मी 'श्री. व सौ. फणसळकर' असं लिहिलं. बेलसऱ्यांनी त्यावर सहीसुद्धा केली.

तावड्यांची व्हीसीडी आली तेव्हा काकू माझ्या शेजारीच बसल्या होत्या. पडद्यावर ठराव मंजूर झाला, सनई सुरू झाली, दोघांच्या डोक्यावर पाकळ्या पडू लागल्या. काका उठायला लागले, तशी पडद्यावरच्या काकूंनी त्यांचा स्वेटर धरून त्यांना खाली बसवलं.

"बसा हो," त्या म्हणाल्या. "तो विषय पुढच्या सभेत आहे."