मार्लिसबाईंच्या गोठ्यावरील स्वारी

शांततेकरिता आम्ही केवढा गोंगाट केला, आणि त्यात कोण कसा वागला, हे मागाहून येणारांस ठाऊक असावे, म्हणोन मिनेसोटा प्रांती टॅमरॅक रोडावर जाहलेल्या युद्धाची हकीकत अस्मादिकांनी लिहिली असे.

वर्तमान ऐसे. रोडाच्या मध्यभागी मार्लिस ट्वाइट नामे विधवा बाईंची दौलत, म्हणजे मक्याचे शेत आणि गाईंचा थोरला लाल गोठा. यजमान वारले, आणि मग गाई विकल्या, आणि मग गोठा ओस पडोन छप्पर गळो लागले. बाई हिमतीच्या. गोठ्यात लोकांची लग्ने लावावी, आणि त्या उत्पन्नावर शेत राखावे, ऐसा मनसुबा करोन त्यांनी गावच्या नियोजन मंडळाकडे अर्ज गुदरला.

खबर पोचताच रोडावर हाहाकार जाहला. दर शनिवारी बँड वाजेल, आणि मोटारी धुरळा उडवतील, आणि झिंगलेले वऱ्हाडी आमच्या टपालपेट्या पाडतील, ऐसी भाकिते चालली. मग सेनापतिपद व्हर्नन स्कोगस्टाड यांस दिधले. हे शाळेतील बँडचे निवृत्त मास्तर, कानाचे ऐसे तिखट, की कुत्रे बेसूर भुंकले तरी जेवण टाकोन उठणार. दप्तरदारी अस्मादिकांकडे आली, कारण माझ्यापाशी छपाईचे यंत्र होते, शौर्य नव्हते.

खलबत माझ्या स्वयंपाकघरात बसले. कॉफी आणि लिंबाच्या वड्या यांचा फडशा पाडोन हुकूम सुटला, की अंगणोअंगणी फलक रोवावे. त्यांवर 'आम्हांस शांतता हवी' ऐसे छापावयाचे, ते घाईत माझ्या हातून 'आम्हांस शांत करा' ऐसे छापले गेले. परंतु फलक रोवले गेले होते, सबब तैसेच ठेविले.

मग मंडळाची सभा भरली. सेनापतींनी गर्जना केली, की या मुलखी वाद्य वाजता कामा नये. त्यावर मार्लिसबाई उठल्या.

"व्हर्नन, माझ्या तिन्ही पोरांना ट्रम्पेट तूच शिकवलंस ना रे? आमच्या घरात तेव्हा काय काय वाजलं! मी आले का कधी तक्रार घेऊन?"

"मार्लिस, तो सराव होता."

"हो, आणि भयंकर होता. हे बघा, गोठा चालला नाही तर मला शेत विकावं लागेल. मग मी कुठं जायचं, तेवढं सांगा कुणीतरी."

आमची समस्त फौज आपापले बूट न्याहाळो लागली. अखेर मंडळाने फर्माविले, की एके शनिवारी गोठ्यात बँड वाजवावा, आणि कारकुनाने आमच्या कुंपणापाशी उभे राहोन यंत्राने आवाज मोजावा.

नेमल्या दिवशी आम्ही घडीच्या खुर्च्या आणि डासांचे औषध ऐसा सरंजाम घेवोन कुंपणाशी मोर्चे बांधिले. गोठ्यात पोल्का नामे नाचाचे वादन सुरू जाहले. परंतु मधला मका उंच वाढलेला, तो निम्मा आवाज गिळोन बसला, आणि यंत्राचा काटा हलेना. आमची तोंडे उतरली. इतक्यात सेनापती खुर्चीत चुळबुळू लागले.

"हा ड्रमवाला मागे पडतोय," ते म्हणाले.

त्यांच्या पत्नी लोरेटाबाई म्हणाल्या, "व्हर्नन, गप बस."

"अगं, दर ठेक्याला मागे पडतोय! मला नाही ऐकवत!"

"मग तेच सांग ना त्या कारकुनाला. त्यासाठीच आलोय आपण!"

परंतु सेनापती कुंपण ओलांडोन, मका तुडवीत, एकटे शत्रूच्या गोठ्यात शिरले. आम्ही समजलो, आता रणकंदन होणार. तो त्यांनी ड्रमवाल्याच्या हातून काठ्या घेतल्या, आणि मग जो ठेका धरिला, त्याने गोठ्याच्या छपराची धूळ झडली, कबुतरे उडाली, आणि अस्मादिकांचे दोन्ही पाय फितूर होऊन ताल धरू लागले. लोरेटाबाईंनी मला ओढोन कुंपणापाशी नाचविले. यंत्राचा काटा हद्द ओलांडोन गेला, तो कारकुनाने इमाने टिपोन घेतला.

मग तह जाहला. गोठ्यात लग्ने लागावी, दहानंतर वाद्य बंद करावे, आणि ड्रम कदापि वाजवू नये. शेत बाईंकडेच राहिले. आम्हीही ड्रमबंदी मिळविली, सबब हा जय आमचाच, ऐसे ठरवोन मी सेनापतींस इतल्ला देण्यास गेलो.

"जिंकलो आपण, व्हर्नन. ड्रम बंद. कायमचे."

ते ओसरीवर बसले होते.

"मी वाजवलं ते," त्यांनी विचारले, "कुंपणापर्यंत नीट ऐकू आलं?"

"अगदी स्वच्छ."

"दुसऱ्या पोल्क्याला शेवटी जरा घाई झाली माझी. पुन्हा वाजवायला मिळालं असतं, तर सुधारलं असतं."

येणेप्रमाणे टॅमरॅक रोडाची मोहीम फत्ते जाहली. सेनापती बहुत कष्टी आहेत. लोरेटाबाई आमच्याशी बोलत नाहीत. शांतता आहे.