दोनशे चौदा हिरव्या टेस्ट आणि एक काटा

काट्यावरचं वजन पडद्यावर दाखवणारा जयराजचा प्रोग्रॅम चुकूच शकत नव्हता. असं जयराजचं म्हणणं होतं! दोनशे चौदा टेस्ट, सगळ्या हिरव्यागार, म्हणजे पास. साखर कारखान्याचा वजनकाटा काही कुपवाडच्या ऑफिसात टेबलावर मावत नाही. म्हणून टेस्टपुरता त्यानं मॉक, म्हणजे खोटा काटा, उभा केला होता. वजन विचारलं की तो सांगायचा, "बारा." कुरकुर नाही, रजा नाही. ऑफिसातला सर्वांत भरवशाचा माणूस तोच.

खऱ्या काट्यावर एकदा लावून बघ, असं त्याच्या बॉस शिवांजली मॅडम दोनदा म्हणाल्या होत्या. जयराज दोनदा हसला होता.

आज ते दोघं कारखान्याच्या गेटवर उभे होते. काटा चालला तर जयराज नोकरीत कायम. नाहीतर सोमवारपासून त्याच्या खुर्चीत दुसरा कुणीतरी.

ट्रॅक्टरवाल्या बिरदेवनं उसाची ट्रॉली काट्यावर चढवली. मागं चाळीस शेतकरी हाताची घडी घालून उभे. कारखान्याचा काटा खरं बोलतो, यावर त्यांच्यातल्या एकाचाही विश्वास नव्हता.

पडद्यावर आकडा उमटला. बारा हजार टन.

बिरदेव उतरला, टायर दाबून बघितले आणि परत जागेवर जाऊन बसला.

काटा सांभाळणारे लालासाहेब फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी ट्रॉली हटवायला लावली आणि स्वतः काट्यावर सावधान उभे राहिले. ऐंशी टन.

"पोरा," ते शांतपणे म्हणाले, "रणगाडा चाळीस टनाचा असतोय. आमी दोन रणगाडं हाय व्हय?"

जयराजनं लॅपटॉप उघडला. खरा काटा किलोत बोलत होता. खोटा टनात बोलायचा, कारण त्याला बोलायला जयराजनंच शिकवलं होतं.

मॅडम घड्याळाकडे बघत होत्या. आलेल्या आकड्याला हजारानं भागायचं, एवढी एकच ओळ. ती लिहायला जयराजला अकरा मिनिटं लागली. ट्रॉली पुन्हा चढली. बारा टन. लालासाहेबांनी मान डोलावली, मॅडमनी श्वास सोडला. जयराज पाच सेकंद नोकरीत कायम होता.

"बघितलं का गड्यांनो," ट्रॅक्टरवरून बिरदेव म्हणाला, "दुरुस्तीच्या नावाखाली अकरा हजार नऊशे अठ्ठ्याऐंशी टन मारलं."

त्यानं ट्रॉली पुढं घेतली. चाळीस जणांनी हाताची घडी सोडली आणि ते जयराजकडं निघाले. वाटेत काटा होता. पडद्यावर आकडा उमटला, अडीच टन.

अगदी बरोबर! पण तो बघायला तिथं कुणी थांबलं नाही. जयराजसुद्धा नाही.